जखम पाहून : सैनिकाच्या अपंगत्वाचे मोल

प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या फौजेचा मोड झाला, तो दिवस १० नोव्हेंबर १६५९ चा. त्या विजयानंतर शिवाजी महाराजांनी आपल्या माणसांची विचारपूस कशी केली, याची हकीकत कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत आली आहे. जे लोक रणात पडले त्यांच्या मुलांना चाकरी दिली; ज्यांना मुलगे नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले; आणि जे जखमी झाले त्यांना, ज्याची जशी जखम तसे, दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले. बखरकाराने ही गोष्ट थोडक्यात आटोपली आहे. परंतु सैनिकाच्या अपंगत्वाचे मोल ठरविण्याची सगळी समस्या आणि तिचे सगळे उत्तर या थोडक्या मजकुरात सामावलेले आहे.

त्यात तीन तत्त्वे दिसतात. पहिले हे की, राज्यासाठी झालेल्या जखमेची भरपाई राज्याने करावयाची. दुसरे असे की, सर्व जखमा सारख्या नसतात. त्यांची प्रत लावावी लागते. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे, असे की ती प्रत जखम पाहून लावावयाची. दप्तरात बसून नव्हे. आज घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवली येथे राहणारा एखादा निवृत्त हवालदार अथवा नौसैनिक आपल्या अपंगत्वाच्या टक्केवारीविरुद्ध अपील करतो, तेव्हा तो या तीन गोष्टींपलीकडे काही मागत नसतो. मधल्या साडेतीनशे वर्षांत कायदे आले, नियम आले, मंडळे आणि न्यायाधिकरणे आली. मग इतकी साधी मागणी मान्य होण्यास एवढी यातायात का पडावी? या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. तलवारीचा वार दिसतो. तुटलेला हात मोजता येतो. परंतु ताप, अपस्मार, क्षय, बहिरेपणा, मनाचा विकार यांची गोष्ट निराळी. ही व्याधी सैन्यात लागली की घरूनच आली, असा संशय त्या ठिकाणी उभा राहतो. या विषयाचा सारा इतिहास, खोलात जाऊन पाहिले तर, त्या संशयाचा इतिहास आहे. संशय आला म्हणजे त्याचा फायदा कोणाला द्यावयाचा, सरकारला की शिपायाला, एवढाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या रूपाने विचारला गेला.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळी या प्रश्नाला जागाच नव्हती. कारण कंपनी जे देई ते हक्क म्हणून नव्हे, तर मेहेरबानी म्हणून देई. बंगालचा नबाब मीर जाफर याने मृत्युपत्राने रॉबर्ट क्लाइव्ह यास पाच लाख रुपये ठेवले होते. क्लाइव्हने ती रक्कम कंपनीच्या हवाली केली आणि तिच्यातून १७७० साली कंपनीच्या सेवेत निकामी झालेले अधिकारी व शिपाई आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठी एक निधी उभा राहिला. ‘लॉर्ड क्लाइव्ह फंड’ या नावाने तो पुढे प्रसिद्ध होता. एका नबाबाच्या देणगीतून परक्या व्यापाऱ्यांच्या फौजेतील अपंगांचा चरितार्थ चालावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. हिंदी शिपायांसाठी निराळ्या तरतुदी होत्या. बंगालमध्ये भागलपूरच्या बाजूस निकामी शिपायांना पडीत जमिनी देऊन त्यांच्या वसाहती करण्यात आल्या; मुंबई इलाख्यात निवृत्तीवेतन घेऊन गावी परतण्याची चाल अधिक रूढ झाली.

कोकणात दापोली हे अशा निवृत्तांचे मोठे ठाणे बनले. १८१८ नंतर दक्षिण कोकण इंग्रजांकडे आले तेव्हा दापोलीस लष्करी छावणी झाली; म्हणून लोक तिला अजूनही काप दापोली म्हणतात. १८४० च्या सुमारास कवायती फौज तेथून हलविण्यात आली, पण वृद्ध व दुबळ्या शिपायांची पलटण पुढेही काही वर्षे तेथे राहिली. या गावात निवृत्त सैनिकांची जी वस्ती झाली तिचे महाराष्ट्रावर उपकार आहेत. डॉ. भीमराव आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तेथे राहिले. निवृत्त लष्करी शिपाई गोपाळबुवा वलंगकर हेही तेथलेच. सैन्यातील महारांची भरती बंद झाली तेव्हा त्या अन्यायाविरुद्ध १८९४ साली त्यांनी एक सविस्तर विनंतिपत्र तयार केले. ते अपंगत्वाविषयी नव्हते. परंतु या कथेत त्याला स्थान आहे. आम्ही सरकारची चाकरी इमानाने केली आहे, तेव्हा आमचे म्हणणे ऐकून घेण्यास सरकार बांधलेले आहे, ही त्यातील भूमिका होती. मेहेरबानीची भाषा वापरणारा, पण मनात हक्काची जाणीव बाळगणारा हा अर्जदार शिपाई, म्हणजे आजच्या अपीलकर्त्याचा पूर्वजच होय.

पहिल्या महायुद्धाने या जाणिवेला धार आणली. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंड याची फौज ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. भाजीपाला संपला, धान्य संपत आले. घोड्याचे मांस खाण्यास पुष्कळ हिंदी शिपायांचे मन घेईना. हिंदी पलटणींत स्कर्व्ही पसरला. हिरड्या सडल्या, सांधे सुजले, जुन्या जखमा पुन्हा उघडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली आणि जे वाचले त्यांच्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला वाळवंटातील कूच व तुर्की बंदिवास आला. या शिपायांच्या अंगावर गोळीची खूण असेलच असे नव्हते. तरीही त्यांचे शरीर युद्धाने मोडले होते, हे कोण नाकारील? आजार हीसुद्धा जखमच असू शकते, हा धडा मराठी मुलखाने कुतमध्ये गिरविला.

त्या युद्धात मुंबई हे घायाळांचे बंदर झाले. बसऱ्याहून रुग्णनौका येत आणि शहरातील नव्या इमारती भरून जात. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या इमारतीत पुराणवस्तू मांडल्या जाण्यापूर्वी खाटा मांडल्या गेल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या वास्तूतही शास्त्राचे पाठ सुरू होण्याआधी लष्करी रुग्णालय होते. १९१७ साली मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अपंग हिंदी सैनिकांना हुन्नर शिकविणारी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल ही शाळा मुंबईत निघाली आणि १९२२ मध्ये ती खडकीस गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्डाची स्थापना झाली. जिल्ह्याजिल्ह्यांतील सैनिक कल्याण कार्यालयांची परंपरा त्याच काळातली. या सर्व संस्थांनी अमोल काम केले. परंतु संस्था मदत करते. निर्णय करीत नाही. शिपायाच्या अपंगत्वाला सेवा कारणीभूत आहे की नाही, हे ठरविणारा कागद निराळ्याच टेबलावर लिहिला जात होता.

संशयाचा फायदा कोणाला, या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर प्रथम विलायतेत मिळाले. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, तेथे निवृत्तीवेतनाच्या तक्रारी ऐकणारी स्वतंत्र अपील-न्यायाधिकरणे कायद्याने स्थापन झाली. तरीही आपला आजार युद्धामुळेच झाला हे सिद्ध करण्याचे ओझे शिपायावरच राहिले. १९४३ साली लोकमताच्या दडपणाखाली हे ओझे उलटविण्यात आले. भरतीच्या वेळी जो मनुष्य धडधाकट म्हणून घेतला, तो आजारी होऊन परतला तर आजार सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे. तसे नसेल तर सरकारने सिद्ध करावे, असा नवा दंडक झाला. या अपिलांसाठी नेमलेले न्यायमूर्ती डेनिंग यांनी १९४७ मधील मिलर यांच्या प्रकरणात सरकारचा पुरावा किती सबळ असावा याचे विवेचन केले. गंमत अशी की, त्या खटल्यात शिपायाच्या विधवेचा दावा फेटाळला गेला. पण त्यात सांगितलेली कसोटी पुढे हजारो दाव्यांना उपयोगी पडली. नुसती दूरची शक्यता दाखवून भागणार नाही आणि नुसती शंका काढूनही भागणार नाही, असा त्या कसोटीचा मथितार्थ होता.

स्वतंत्र भारताने हे तत्त्व आपल्या नियमांत आणले. १९६१ च्या लष्करी निवृत्तीवेतन नियमावलीतील १७३ व्या नियमाने दोन अटी घातल्या. अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे. आणि त्याचे प्रमाण किमान वीस टक्के असावे. पुढे १९८२ च्या पात्रता-नियमांनी पुराव्याचा प्रश्न सोडविला. भरतीच्या वेळी जी व्याधी नोंदलेली नाही ती सेवेतच उद्भवली असे मानावे. भरतीच्या तपासणीत ती दिसणे शक्य नव्हते असे वैद्यकीय मंडळाचे मत असेल तर त्याने कारणे द्यावीत. अर्जदाराकडे पुरावा मागू नये. आणि वाजवी शंका उरली तर तिचा फायदा त्यालाच द्यावा. कागदावर पाहता शिपायाला याहून अधिक काय हवे होते?

अडचण अशी झाली की, नियम उदार आणि हात आखडता. शिपाई सेवेतून निघताना त्याची वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होते. मंडळ दोन प्रश्नांची उत्तरे देते. आजार सेवेमुळे आहे काय, आणि अपंगत्व किती टक्के आहे? पहिल्या प्रश्नापुढे पुष्कळदा सेवेशी संबंध नाही एवढेच शब्द लिहिले जात. का नाही, याची जागा रिकामी राही. दुसऱ्या प्रश्नापुढे वीसच्या आतला आकडा पडला की दार बंद. मंडळाचे उत्तर अनुकूल असले तरीही सुटका नव्हती. कारण अलाहाबादच्या लेखा-कार्यालयातील वैद्यकीय सल्लागार नुसती कागदपत्रे चाळून मंडळाचा निर्णय फिरवीत असत. ज्याने शिपायाला पाहिलेही नाही, त्याने त्याच्या जखमेची किंमत कमी करावयाची! सॅपर मोहिंदर सिंग याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली हे थांबविले. वरिष्ठ वैद्यकीय मंडळाकडून नव्याने तपासणी केल्यावाचून लेखाधिकाऱ्यांना मंडळाचे मत डावलता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. सभासदाच्या बखरीतील तिसरे तत्त्व असे तीन शतकांनंतर न्यायालयाच्या निकालात पुन्हा अवतरले.

या आकड्यांत असते तरी काय, असे एखाद्यास वाटेल. सहाव्या वेतन आयोगानंतरच्या दराने शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के इतका अपंगत्व-घटक मिळतो आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात कमी. युद्धातील जखमेचे दर याहून अधिक आहेत. समजा, एखाद्याचे अखेरचे वेतन चाळीस हजार रुपये होते. शंभर टक्क्यांस बारा हजार होतात. म्हणून वीस टक्क्यांस दोन हजार चारशे आणि एकोणीस टक्क्यांस काहीच नाही. शिवाय पाचव्या वेतन आयोगानंतर एक सवलत आली, ती अशी की पन्नासच्या आतील टक्केवारी पन्नास धरावी, पन्नास ते पंचाहत्तर ही पंचाहत्तर धरावी आणि त्यावरील शंभर धरावी. ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी आदेशाने १ जानेवारी १९९६ पासून ती लागू झाली. त्या हिशेबाने वीस टक्क्यांच्या मनुष्याला सहा हजार मिळू लागतात. म्हणजे एकोणीस आणि वीस यांमध्ये दरमहा सहा हजार रुपयांचे अंतर पडते, आणि ते आयुष्यभर टिकते. डॉक्टरांच्या लेखणीचा एक फराटा उपनगरातील एखाद्या घराचे भाडे देऊ शकतो किंवा थांबवू शकतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

मुंबईच्या उपनगरांशी या विषयाचा संबंध निकटचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मालाडजवळ मार्वे येथे ‘हमला’ हे नौदलाचे ठाणे आले. कांदिवलीस लष्करी साहित्याचे मोठे कोठार उभे राहिले. घाटकोपरला नौदलाच्या सामग्रीचा साठा आहे. नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदी सांभाळणारे ‘ब्युरो ऑफ सेलर्स’ हे कार्यालय मानखुर्दला चीता कॅम्पमध्ये आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडील सैनिक पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो; मुलांच्या शिक्षणासाठी वा दुसऱ्या नोकरीसाठी उपनगरात येतो; एखाद्या गृहसंस्थेच्या किंवा कचेरीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहतो. तोफांच्या आवाजाने त्याचा कान गेलेला असतो, डोंगरात त्याचा गुडघा निकामी झालेला असतो. शेजाऱ्यांना तो धट्टाकट्टा दिसतो. त्याची जखम पाहणारे कोणी नसते. ती फक्त कागदावर उरते, आणि म्हणून कागदाला महत्त्व येते.

अपिलाचा मार्ग कागदोपत्री सरळ आहे. दावा नामंजूर झाल्याचे पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील. तेही फेटाळले गेले तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरे. आणि त्यानंतर न्यायासन. पूर्वी हे न्यायासन म्हणजे उच्च न्यायालय होते आणि तेथे शिपायाचा अर्ज इतर असंख्य दाव्यांच्या गर्दीत वर्षानुवर्षे पडून राही. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण निर्माण झाले आणि ऑगस्ट २००९ मध्ये त्याचे काम सुरू झाले. त्याच्या पीठावर एक न्यायिक सदस्य व एक सेनादलातील अनुभवी सदस्य बसतो. महाराष्ट्र, गुजरात व गोवा यांच्यासाठी मुंबईस पीठ आहे. त्यामुळे मुलुंडच्या अर्जदाराला लोकलगाडीने जाऊन न्याय मागता येतो. ही सोय लहान नव्हे.

सोबत नेण्याची कागदपत्रे मात्र जपलेली असावी लागतात. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, ज्यात व्याधीची नोंद नाही, सेवेतील नेमणुकांच्या जागा, ज्यांत थंडी, उंची वा गोळीबार यांचा ताण दिसतो, रुग्णालयातील नोंदी, आणि निरोपाच्या वेळचा मंडळाचा अहवाल. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आल्यापासून हा अहवाल मागून घेण्याचा एक राजमार्ग खुला झाला आहे. अहवाल हाती आल्यावर पुष्कळदा असे आढळते की, ज्या ठिकाणी कारणे लिहावयाची तेथे मंडळाने एखादा ठरीव शब्द लिहून काम भागविले आहे. ही रिकामी जागाच अर्जदाराचा सर्वांत भक्कम पुरावा ठरते.

तो कसा ठरतो, हे धर्मवीर सिंग यांच्या प्रकरणाने दाखवून दिले. १५ जून १९८५ रोजी ते सिग्नल कोअरमध्ये शिपाई म्हणून भरती झाले. सुमारे नऊ वर्षांनी, १ एप्रिल १९९४ रोजी, अपस्मारामुळे त्यांना सेवेतून काढण्यात आले. अपंगत्व वीस टक्के, कायमचे. पण सेवेशी संबंध नाही, असा मंडळाचा शेरा. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरविला. अखेर २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. भरतीच्या वेळी अपस्माराची नोंद नव्हती. तो सेवेशी संबंधित का नाही याचे एकही कारण मंडळाने दिले नव्हते. तेव्हा नियमांतील गृहीतक शिपायाच्या बाजूने लागू होते, असा न्यायालयाचा साधा युक्तिवाद होता. त्यात नवे असे काहीच नव्हते. १९८२ चे नियम जसे लिहिले होते तसे वाचले गेले, एवढेच. परंतु सेवेतून काढले जाणे आणि हा निकाल यांमध्ये एकोणीस वर्षे गेली.

याच सुमारास आणखी काही अडसर दूर झाले. तरसेम सिंग यांना १९८३ साली वैद्यकीय कारणाने काढण्यात आले. ते न्यायालयात गेले १९९९ मध्ये. इतक्या उशिरा येणाऱ्याचे काय करावयाचे? सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले की, न मिळालेले निवृत्तीवेतन हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे. म्हणून हक्क बुडत नाही, मात्र मागील थकबाकी दावा लावण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळेल. या निर्णयात दिलासा आहे आणि इशाराही आहे. पुढे १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या प्रकरणात न्यायालयाने टक्केवारी वर धरण्याची सवलत केवळ मध्येच काढलेल्यांना नव्हे, तर मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्या अपंग सैनिकांनाही मिळावी, असे ठरविले आणि सरकारची शेकडो अपिले एकाच वेळी निकालात काढली. देशाने आपल्याच अपंग शिपायांविरुद्ध शेकडो अपिले घेऊन सर्वोच्च न्यायालयात उभे राहावे, हे दृश्य पुष्कळांना खटकले. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली असे दावे कमी कसे करावेत हे सुचविण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली गेली, आणि अपंगत्वाच्या प्रकरणांतील सरकारी अपिलांचा विषय तिच्या अहवालात ठळकपणे आला.

न्यायासनाची वाटही मध्यंतरी अरुंद झाली होती. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येणार नाही, असा अर्थ २०१५ च्या एका निर्णयातून निघाला. सर्वोच्च न्यायालयात अपील करावयाचे तर सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा लागतो; एखाद्या नायकाचा बहिरा कान हा असा मुद्दा कसा ठरावा? म्हणजे हरलेल्या शिपायाला पुढे दारच उरले नव्हते. २१ मार्च २०२३ रोजी परशोत्तम दास यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचे दार पुन्हा उघडले.

आता नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कारण सरकारचा संशय सर्वस्वी निराधार आहे असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पैसा प्रजेचा आहे. रक्तदाब, मधुमेह हे विकार गणवेशाबाहेरही घरोघर आढळतात. त्या प्रत्येकाचे खापर सेवेवर फोडता येईल काय? निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांत अपंगत्व-घटक घेणाऱ्यांचे प्रमाण शिपायांच्या मानाने पुष्कळ अधिक आहे, याकडे लेखापरीक्षकांनीही लक्ष वेधले. २००८ च्या नियमांनी निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी येणाऱ्या दाव्यांत पुराव्याचे ओझे अर्जदारावर टाकले. सप्टेंबर २०२३ पासून आणखी कडक नियम आले. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांच्या बाबतीत अपंगत्व-निवृत्तीवेतनाऐवजी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ हा नवा शब्द त्यांत आला. खोटे दावे रोखावेत यात दुमत नाही. परंतु चार अपात्रांना रोखण्यासाठी घातलेले कुंपण पहिल्याने कोणाला अडवते? ज्याला इंग्रजी अर्ज लिहिता येतो त्याला नव्हे. ज्याला तो दुसऱ्याकडून लिहवून घ्यावा लागतो त्याला. माजी सैनिकांच्या संघटनांनी या नियमांना जो विरोध केला, त्याचे मर्म हेच आहे.

टक्केवारीविषयी आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. अपंगत्वाचा आकडा म्हणजे माणसाच्या कर्तबगारीचा आकडा नव्हे. मुंबईत जन्मलेले इयान कार्डोझो १९७१ च्या युद्धात सुरुंगावर पाय पडून जायबंदी झाले. चिंधड्या झालेला तो पाय त्यांनी स्वतःच खुकरीने तोडला. लाकडी पायाचा अधिकारी पलटणीचे नेतृत्व कसे करणार, हा प्रश्न त्यांनी डोंगर चढून आणि मैल मोजून सोडविला. ते पलटणीचे व पुढे ब्रिगेडचे अधिपती झाले आणि मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग लुळा पडला. १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी भारताला मिळवून दिले. त्यांच्या पराक्रमाने त्यांचे अपंगत्व कमी झाले नाही आणि त्यांच्या अपंगत्वाने त्यांचा पराक्रम थांबविला नाही. म्हणून जो पहारेकरी बारा तास उभा राहतो तो अपंग कसा, असे विचारणे गैर आहे. तो उभा राहतो याचे कारण त्याला घर चालवावयाचे असते.

या सर्व इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. मेहेरबानीचे रूपांतर हक्कात झाले ते एखाद्या राज्यकर्त्याच्या उदारतेने नव्हे. नकाराच्या पत्राला उत्तर लिहिणाऱ्या सामान्य शिपायांच्या चिकाटीने झाले. मोहिंदर सिंग, तरसेम सिंग, धर्मवीर सिंग, राम अवतार ही नावे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत येणार नाहीत. पण यांतील प्रत्येकाच्या अपिलामागे ज्यांनी अपील केलेच नाही अशा असंख्यांचा हक्क उभा राहिला. उपनगरातील ज्या घरांत जुनी पेटी आहे आणि तिच्यात वडिलांचे वा आजोबांचे सेवापुस्तक, रुग्णालयाची चिठ्ठी आणि नामंजुरीचे पिवळे पडलेले पत्र आहे, त्या घरांनी ते कागद रद्दीत घालू नयेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ते एकदा दाखवावेत. मागील तीन वर्षांची थकबाकी आणि पुढील हक्क त्या एका पत्रातून निघू शकतो.

प्रतापगडाखाली जखमी झालेल्या मावळ्याला अपील करावे लागले नाही. कारण मोल ठरविणाऱ्याने त्याची जखम पाहिली होती. आजचे राज्य मोठे आहे आणि त्याच्या फौजेत लाखो माणसे आहेत. प्रत्येकाची जखम राज्यकर्त्याने स्वतः पाहावी, ही अपेक्षा व्यर्थ आहे. परंतु ज्यांना राज्याने पाहण्यासाठी नेमले आहे त्यांनी पाहावे, पाहून कारण लिहावे आणि संशय उरला तर तो शिपायाच्या पदरात टाकावा, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे. भरतीच्या दिवशी त्याला धडधाकट म्हणून शिक्का मारणारे राज्यच होते.